अवशेष आणि करंडक : सोपारा, लिमोज व गोवे

संतांचे अवशेष ठेवण्यासाठी घडविलेल्या पात्रांची चर्चा कलेतिहासात बहुधा दोन अंगांनी केली जाते. एक अंग कारागिरीचे, तर दुसरे श्रद्धेच्या इतिहासाचे. पहिल्यात मीनाकारी, मुलामा, ठोकीव काम यांचे वर्णन येते. दुसऱ्यात यात्रा, उत्सव आणि चमत्कारकथा. या दोहोंमध्ये एक प्रश्न दुर्लक्षित राहतो : पात्रावरील अलंकरणाचे अवशेषाच्या संदर्भात नेमके कार्य कोणते? प्रस्तुत टिपणात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

अस्थी ही स्वतः मुकी असते. ती कोणाची, हे ती सांगत नाही. एखाद्या हाडाच्या तुकड्याला पूज्यत्व येते ते त्याच्याविषयीच्या साक्षीमुळे. ही साक्ष देण्याचे काम पात्राकडे येते. म्हणूनच अवशेषपात्रावरील अलंकरणाला केवळ शोभा मानणे हा दृष्टिदोष होय, असे आमचे मत आहे.

या दृष्टीने फ्रान्समधील लिमोज येथील बाराव्या-तेराव्या शतकांतील मीनाकाम केलेल्या पेट्या उद्बोधक आहेत. लाकडी गाभ्यावर तांब्याचे पत्रे बसविलेले असतात. पत्र्यात खाचा कोरून त्यांत रंगीत काचेची पूड भरतात, ती भट्टीत वितळवितात आणि पृष्ठभाग घासून सपाट करतात; उघड्या राहिलेल्या तांब्यावर सोन्याचा मुलामा देतात. आपल्याकडील सोन्यावरच्या मीनाकामाची पद्धतही तत्त्वतः हीच आहे. पेटीचा आकार उतरत्या छपराच्या घरासारखा असतो. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याची हत्या २९ डिसेंबर ११७० रोजी झाली आणि ११७३ मध्ये त्यास संतपद मिळाले. त्यानंतरच्या काही दशकांत त्याच्या नावाच्या अशा पेट्या लिमोज येथे मोठ्या संख्येने निघाल्या. त्यांपैकी सुमारे पन्नास आजही अवशिष्ट आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रसिद्ध पेटीच्या दर्शनी बाजूस वेदीसमोरील वधाचे दृश्य आहे, तर छपरावर दफन आणि आत्म्याचे ऊर्ध्वगमन. म्हणजे अवशेष झाकलेला आणि त्याचा वृत्तांत उघडा, अशी ही रचना आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने अवशेष पात्राबाहेर काढून दाखविण्यास आणि विक्रीस मांडण्यास मनाई केली, हे ध्यानात घेतले म्हणजे साक्षीचा केवढा भार पात्रावर होता हे कळते. निळ्या पार्श्वभूमीवरील त्या सोनेरी आकृती अक्षरशून्य भाविकासाठी दस्तऐवजच होत्या.

या उदाहरणासमोर आपल्याकडील सोपारा येथील निक्षेप ठेवून पाहावा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात हिरवट दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा, आणि सर्वांच्या आत मातीच्या भांड्याचे लहान तुकडे, अशी ती रचना होती. हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे अनुमान भगवानलालांनी केले. सोबत सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि तांब्याच्या करंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. मूर्तींची शैली सातवाहनकालाहून बरीच उत्तरकालीन असल्यामुळे हा निक्षेप मध्ययुगाच्या आरंभी पुन्हा उघडला गेला असावा, असे मानावे लागते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

येथे चित्रकथा नाही. मग साक्ष कोठे आहे? ती पदार्थांच्या क्रमात आहे. बाहेरून आत जाताना दगड, तांबे, चांदी, स्फटिक, सोने असे मोल चढत जाते, आणि शेवटी हाती लागते ती खापरी. सर्वांत हलका पदार्थ सर्वांत मोलाच्या पात्रात ठेवण्यातच त्याच्या महत्तेचे प्रतिपादन आहे. स्फटिकाचा उपयोगही येथे विचारार्ह ठरतो. युरोपात पुढे अवशेष दिसावा म्हणून पात्रांत स्फटिक बसवू लागले. सोपाऱ्यात मात्र पारदर्शक स्फटिक स्तूपाच्या गर्भातील अंधारात आहे. तो पाहणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. लिमोजची पेटी भाविकाला उद्देशून बोलते. सोपाऱ्याचा करंडक कोणाला उद्देशून बोलतच नाही. त्यामुळे दोहोंना सरसकट ‘अस्थिकरंडक’ म्हणून तुलनेस बसणे सदोष आहे. ‘धातुकरंडक’ ही संज्ञाही जपून वापरावी. बौद्ध परिभाषेतील ‘धातु’ म्हणजे अवशेष, लोखंड-तांबे नव्हे.

तिसरे उदाहरण गोव्याचे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. १५५४ मध्ये त्यांचे शरीर गोव्यास आले. १६३६-३७ मध्ये गोव्याच्या चांदीकारांनी त्यासाठी घडविलेल्या पेटीवर चरित्रप्रसंगांचे बत्तीस पत्रे आहेत. हेतू लिमोजचाच, परंतु मीन्याचा रंग नाही. सर्व कथन चांदीच्या उठावावर सोपविलेले. मात्र १६९८ मध्ये बॉम जेझू चर्चमध्ये फ्लॉरेन्सच्या शिल्पकार फोग्गिनीचे संगमरवरी स्मारक उभे राहिले आणि पेटी त्याच्या माथ्यावर गेली. खाली उभ्या असलेल्या भाविकाला ते प्रसंग वाचता येत नाहीत. पेटीचा गौरव झाला, पण तिची वाचा गेली. दर दहा वर्षांनी, अलीकडे २०२४-२५ मध्ये, अवशेषांचे जाहीर दर्शन होते ते काचेतून. तेथे वृत्तांताची जागा प्रत्यक्ष शरीराने घेतलेली असते.

यावर कोणी आक्षेप घेईल की, साक्षीची गरज एवढी मूलभूत असेल तर वारकरी परंपरेत असे करंडक का घडले नाहीत? पुसेगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची समाधी, परंपरेनुसार, पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीत आहे. तेथे मीना नाही, चांदी नाही, चित्रकथाही नाही. तरी ती पायरी कोणाची हे विचारावे लागत नाही, कारण साक्ष अभंगाने आपल्या शिरावर घेतली आहे. हा आक्षेप आमच्या विधानास बाधक नसून पोषकच आहे. साक्ष जेथे वाणीत वसते तेथे पेटी अनावश्यक होते. जेथे वाणी पोहोचत नाही तेथे ती तांब्यावर आणि काचेवर उतरते.

संग्रहालयातील बहुतेक लिमोज पेट्या आज रिकाम्या आहेत. त्यांचे परीक्षण करणाऱ्या अभ्यासकाने रंगांची आणि खाचांची नोंद अवश्य करावी. परंतु ती पेटी कोणाविषयी व कोणापुढे साक्ष देत होती, हे विचारल्यावाचून ते परीक्षण पुरे झाले असे मानू नये.