प्रात्यक्षिक परीक्षेतील मूक रुग्ण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात परिचर्या शिक्षणाची चिकित्सा

महाराष्ट्रात परिचारिकेला परवाना देणारी स्वतंत्र परीक्षा नाही. एएनएम अथवा जीएनएम अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करते व ती नोंदणी हाच तिचा परवाना ठरतो. अमेरिकेत अभ्यासक्रमानंतर प्रॅक्टिकल नर्सला एनक्लेक्स-पीएन ही संगणकीय परीक्षा द्यावी लागते. तेथे प्रसंग सांगून निर्णय विचारला जातो, मात्र परीक्षेत रुग्णाला हात लावावा लागत नाही. येथील परीक्षेत हात लावावा लागतो. त्या दृष्टीने येथील पद्धती तत्त्वतः सरस म्हणावयास हवी. प्रश्न आहे तो तिच्या तयारीचा.

ही तयारी बहुधा ट्रेभोवती फिरते. ट्रेमध्ये कोणती साधने, कोणत्या क्रमाने, कोणत्या हेतूने, हे इंग्रजीत पाठ केले जाते. केसबुक रात्री जागून पूर्ण होते. प्रत्येक कृतीच्या पायऱ्यांत आरंभीच एक पायरी असते : रुग्णाला कृती समजावून सांगणे. परीक्षेत विद्यार्थिनी ‘समजावून सांगितले’ एवढे उच्चारते आणि हात धुण्याकडे वळते. समोर पुतळा असेल तर अन्य काही शक्यही नसते. खाटेवर जिवंत बाई असली तरी तिला काय उमगले हे कोणी विचारीत नाही. एका दिवसात अनेक विद्यार्थिनी तपासावयाच्या असल्याने बहिःस्थ परीक्षकालाही तेवढी उसंत नसते, हे मान्य केले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यात हीच पायरी सर्वांत जड आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामी व गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. बंजारा तांड्यांवर गोरमाटी चालते. उपकेंद्रात आलेल्या गरोदर कोलाम स्त्रीला लोहाच्या गोळ्या रोज का घ्यावयाच्या, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबू नये, हे तिच्या उमजेल अशा शब्दांत सांगता येणे हे रक्तदाब मोजण्याइतकेच कौशल्य आहे. त्याला स्वतंत्र गुण नाहीत. म्हणून त्याची तयारीही होत नाही. विद्यार्थिनींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला गुण, त्याचाच अभ्यास.

पाठांतराची मर्यादा अन्यत्रही दिसते. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातील एका गावात पल्स पोलिओ मोहिमेत 12 बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. पोलिओ बूथवर आशा व अंगणवाडी सेविकाही काम करतात, त्यामुळे हा प्रकार परिचर्या परीक्षेच्या माथी मारणे अन्याय्य ठरेल. परंतु कुपी हातात घेऊन नाव, मुदत आणि लसकुपीवरील तापदर्शक खूण वाचणे ही क्रिया सवयीची व्हावी लागते, ती केवळ तोंडपाठ असून भागत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

2017 च्या खरिपात कीटकनाशकांच्या फवारणीतून याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंवर उपचार झाले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषबाधेच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन चालू असता नाडी, बाहुल्या, तोंडातील व छातीतील स्राव यांवर तासन्‌तास नजर ठेवणे हे मुख्यतः परिचारिकेचेच काम. बाहुल्या किती बारीक झाल्या, श्वासात घुरघुर आली की नाही, हे ओळखावयाचे ते खाटेजवळ. ट्रेची मांडणी कितीही नेटकी असली तरी त्याने हे साधत नाही.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयाच्या अंतर्गत प्रात्यक्षिकात, विद्यार्थिनीने कृती पूर्ण केल्यावर परीक्षकाने खाटेवरील बाईलाच विचारावे : ‘या मुलीने तुम्हांला काय सांगितले?’ ती जे सांगेल, त्याला गुणपत्रिकेत एक रकाना असावा.