आईबाप असून पोरका

फ्रान्स्वा त्रूफो यांचा १९५९ सालचा ‘ले कात्र सां कू’ हा फ्रेंच बोलपट आम्हीं नुकताच पुन्हां पाहिला. इंग्रजींत या नांवाचें शब्दशः भाषांतर झाल्यामुळें तें चारशें तडाख्यांचें वाटतें. मूळ फ्रेंचमध्यें तो उनाडक्या करण्याचा वाक्प्रचार आहे. पूर्वीं आम्हीही आंत्वानला बसणारे तडाखेच तेवढे मोजले होते.

या खेपेस निराळीच गोष्ट ध्यानांत आली. आंत्वान शाळा चुकवितो, आई वारल्याची थाप मारतो, आणि त्याबद्दल थपडाही खातो. परंतु त्याच्या आयुष्याचा विचका होतो तो भलत्याच कारणांनीं. बाल्झाकच्या भक्तीनें भारून तो निबंध लिहितो, तर गुरुजी त्याला वाङ्मयचोर ठरवितात. सावत्र बापाच्या कचेरींतून टाइपरायटर चोरतांना तो सांपडत नाहीं. तो परत ठेवावयास जातो तेव्हां सांपडतो! तेथून पोलीसठाणें, आणि पुढें सुधारगृह.

तरीही त्रूफो यांनीं आईबापांना राक्षस केलेलें नाहीं. एका रात्रीं तिघेंही सिनेमाला जातात आणि हंसत खेळत परततात. तो प्रसंग पाहून या घराची अधिकच कींव येते. गुरुजींचें चित्र मात्र किंचित् भडक उतरलें आहे, असें आम्हांस वाटतें.

त्याला शांतपणें प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेणारी स्त्री भेटते ती सुधारगृहांत! तिचा केवळ आवाज ऐकूं येतो. पडद्यावर असतो तो चौदा वर्षांच्या झां-प्येर लेओचा चेहरा. इतका अकृत्रिम अभिनय आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

त्रूफो यांनाही पोरवयांत अशा संस्थेंत राहावें लागलें होतें. त्यांना हात दिला तो समीक्षक आंद्रे बाझँ यांनीं. १९५८ मध्यें वारलेल्या बाझँ यांच्या स्मृतीसच हा बोलपट अर्पण केला आहे. आंत्वानला मात्र कोणी बाझँ भेटत नाहीं. तो पळत सुटतो, समुद्रापाशीं पोंचतो, मागें वळून आपणांकडे पाहतो, आणि चित्र तेथेंच थिजतें.

चुकलेलें मूल चूक सुधारावयास येतें, तेव्हां आपण प्रथम काय पाहतों—त्यानें केलेली चोरी, कीं त्याचें परत येणें? ज्या घरांत मुलें आहेत, त्या घरांतील वडील माणसांनीं हा बोलपट एकदां तरी पाहावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.