साथरोग आणि समाजमनाचे मोजमाप : पुण्यातील १८९७ चा प्लेग व कोविड-१९ यांच्या संदर्भात

प्रस्तावना

साथीचा रोग काहींच्या शरीराला होतो. त्याची धास्ती मात्र साऱ्या समाजाला लागते. रुग्ण व मृत्यू यांची मोजदाद करण्याच्या पद्धती रूढ आहेत. भीती, संताप, दुःख, आशा या सामूहिक भावना कशा मोजावयाच्या, हा प्रश्न मात्र समाजशास्त्र, मानसशास्त्र व साहित्य या तिन्ही अभ्यासशाखांपुढे उभा आहे. कोविड-१९ च्या काळात संगणकाच्या साहाय्याने असे मोजमाप करण्याचे प्रयत्न जगभर झाले. साधन नवे असले तरी त्यामागील अडचण जुनी आहे. ती पुण्याने १८९७ मध्येच अनुभवली होती. ‘समाजाची भावना’ म्हणून जे नोंदले जाते, ती बहुधा नोंद घेणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचलेल्यांचीच भावना असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्लेग आणि ‘अप्रीती’चे माप

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला आणि मार्चपासून पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. देवघर व स्वयंपाकघर यांचीही त्यातून सुटका नव्हती. लोकांना काय वाटते हे जाणण्याचे एक साधन सरकारजवळ होते. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला अधिकाऱ्यांपुढे ठेवले जात. आज ज्याला भावनाविश्लेषण म्हणतात त्याचाच हा पूर्वावतार होय. परंतु त्यात लिहिणाऱ्यांचे मन उमटत होते आणि तेही भाषांतरातून. वाचकांपलीकडचा निरक्षर समाज त्यात जवळजवळ नव्हताच.

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात ‘केसरी’तील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. हा खटला एका अर्थाने भावनेच्या मोजमापाचाच खटला होता. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितला. शिवाय तिचे प्रमाण किंवा तीव्रता किती, हा मुद्दा गैरलागू ठरविला. मोजावयाची वस्तू ठरली. पण किती, हा प्रश्न बाद झाला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी, तर तिघा भारतीयांनी निर्दोष ठरविले. एकाच मजकुरातील भावना वाचणाऱ्यानुसार बदलली. १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती संख्याधिक्याच्या वाचनानुसार.

अफवा, पुरावा आणि भावना

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे तेथे जाहीर केले. परतल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच्या आधी, मे महिन्यात, पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयातील मुलींच्या स्थितीविषयी स्वतःच्या नावाने वृत्तपत्रात पत्र लिहिले होते. सरकारने त्याचाही इन्कार केला. येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक ठरते. एखादी वार्ता घटना म्हणून सिद्ध होत नाही, एवढ्यावरून तिच्यामागील भय खोटे ठरत नाही. उलट, भय खरे आहे म्हणून वार्ता खरी, असेही म्हणता येत नाही. समाजमनाचा अभ्यासक या दोहोंची गल्लत करील तर त्याचे माप दोन्ही अंगांनी चुकेल.

संगणकीय मोजमापाची मर्यादा

अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी विकसित केलेल्या ‘हेडोनोमीटर’ने ट्विटरवरील शब्दांना एक ते नऊ असे गुण देऊन दररोजच्या आनंदाची पातळी काढली. मराठीपुरते पाहावयाचे तर २०२१ मध्ये पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट्सचा संच ‘सकारात्मक’, ‘नकारात्मक’ व ‘तटस्थ’ अशा तीन वर्गांत तयार केला. भाषातंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे. तो संच साथीच्या अभ्यासासाठी नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. तथापि त्यातील ट्वीट्स प्रामुख्याने महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. अशा सामग्रीवरून समाजमनाचा निष्कर्ष काढणे म्हणजे १८९७ च्या साप्ताहिक सारांशाचीच पुनरावृत्ती ठरेल. शिवाय ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ हे वाक्य आशेचे, हताशेचे की केवळ सवयीचे, हे तीन वर्गांत बसविणे कठीण आहे.

न बोलणाऱ्यांचे मन

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच अधिनियम पुन्हा लागू करण्यात आला. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. त्याच सुमारास टाळेबंदीमुळे राज्यभरातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजूर अडकून पडले. सोमेश्वरनगरसारख्या कारखान्याभोवती वसलेल्या गावाला कोपीवर राहणाऱ्या या माणसांची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. त्यांना गावी परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली. मधल्या आठवड्यांतील त्यांची घालमेल कोणत्या शब्दयादीत सापडणार? तिचा पुरावा शब्दांत कमी आणि कृतीत अधिक आहे : बांधून ठेवलेले बिऱ्हाड, गावाकडे केलेले फोन, रात्री चोरून धरलेली वाट. प्लेगच्या काळातही अल्पावधीत मुंबई निम्म्याच्या जवळपास रिकामी झाली होती. ते स्थलांतर हेच त्या काळच्या भीतीचे सर्वांत बोलके माप म्हणावे लागेल.

समारोप

भावनांचे मोजमाप करूच नये, असा याचा अर्थ नाही. साथीच्या काळात लोकांचे मन न ओळखता केलेली उपाययोजना किती महाग पडते, हे पुण्याने पाहिले आहे. मात्र आकड्याच्या शेजारी तीन प्रश्न नोंदले गेले पाहिजेत : कोणाचे ऐकले, कोणत्या भाषेत ऐकले आणि कोण बोललेच नाही? ग्रामीण महाविद्यालयांना यात स्वतंत्र भूमिका आहे. पंचक्रोशीतील मजूर, आशा सेविका व विद्यार्थी यांच्या कोविडकाळातील आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन करणे हे मराठी, समाजशास्त्र व इतिहास विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे काम आहे. आठवणी पुसट होत आहेत. ते काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.