‘वयोगट ३ ते ५’ ही पाटी नेमकं काय मोजते?

माझी वहिनी भूम तालुक्यातल्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिच्या अंगणवाडीचा पट घसरायला लागतो, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर लेकरंही जातात. मग पुढचे काही महिने फडाजवळची कोपी हेच त्यांचं घर. गेल्या नवरात्रात तिचा फोन आला. ‘‘ताई, तुम्ही पीएचडी करायलात, मला एवढं सांगा. लोकं जायच्या आधी त्यांच्या मोबाईलवर दहा-बारा गोष्टी टाकून द्यायच्यात. तिकडं नेट मिळो न मिळो, गोष्ट तरी ऐकतील. कोणत्या वयाच्या लेकराला कोणती टाकू?’’

मी म्हटलं, ‘‘गोष्टीवर वयोगट लिहिलेला असतो की वहिनी. बघा अन् टाका.’’

हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांना यात एक सरावाचं उदाहरणही मिळेल. एखादं लेबल दिसलं की ते कशाचं मोजमाप आहे, हे कसं विचारायचं? माझं एमएस्सी भौतिकशास्त्रातलं आणि संशोधन बोलण्याच्या ध्वनीवर. बालमानसशास्त्रात मी पाहुणी आहे, त्यामुळे इथं जे लिहिलंय ते पाहुण्याच्या सावधपणानं वाचा.

दसऱ्याला भूमला गेले तेव्हा आधी घरातच प्रयोग केला. भाची चार वर्षांची, भाचा नऊ वर्षांचा. ‘३ ते ५’ अशी पाटी असलेली एक गोष्ट मोबाईलवर लावली. सुरुवातीला वाजंत्री, मग ढगांचा गडगडाट, मग पाऊस, आणि त्या पावसावरच निवेदिकेचं बोलणं. भाची उठली, दारात जाऊन अंगणात बघून आली. ‘‘आत्या, पाऊस तर नाही!’’ तोवर कोल्हा गुहेत शिरला होता आणि तिच्यापुरती गोष्ट संपली होती. भाचा मात्र ‘ही तर बारक्यांची हाय’ म्हणत म्हणत शेवटपर्यंत ऐकत बसला.

एका भाचीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण प्रश्न काढता येतो. जिच्यासाठी ती पाटी होती तिला गोष्ट लागली नाही, आणि जो त्या पाटीबाहेरचा होता त्याला लागली. मग पाटी कुणासाठी होती?

पाटी वाचनाची, गोष्ट ऐकण्याची

मुलांच्या पुस्तकांना पातळ्या देणं ही चांगली पद्धत आहे. प्रथम बुक्सचा ‘स्टोरीवीव्हर’ हा खुला मंच २०१५ साली सुरू झाला. तिथं चार पातळ्या आहेत. पहिलीत थोडे आणि सोपे शब्द, चौथीत लांब गोष्टी. पण या वाचनाच्या पातळ्या आहेत, आणि तसं तिथं स्पष्ट म्हटलेलंही आहे. घोळ त्यांच्याकडून होत नाही, आपल्याकडून होतो. छापील गोष्टीचं ध्वनिमुद्रण झालं की तीच पाटी, किंवा त्याच हिशेबानं ठरवलेला वयोगट, आपण ऐकण्याला चिकटवतो.

वाचन आणि ऐकणं यांचं नातं सांगणारं एक जुनं आणि फार उपयोगी सूत्र आहे. १९८६ साली गफ आणि टनमर यांनी मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे पहिलीतल्या मुलाला अक्षरं अजिबात येत नसतील तर गुणाकार शून्य येतो, पण ऐकून समजण्याचा आकडा तिथं शाबूत असतो. वाचनाच्या पातळीवरून त्याच्यासाठी ऐकायची गोष्ट निवडणं म्हणजे गुणाकाराच्या शून्यावरून दोन्ही आकडे शून्य ठरवणं. थॉमस स्टिक्ट यांनी या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हेच दिसतं. लहान वयात मुलं वाचून जेवढं समजतात त्यापेक्षा ऐकून जास्त समजतात, आणि वाचन ऐकण्याला गाठतं ते साधारण सातवी-आठवीत.

म्हणजे पाटी एका बाजूनं मुलाला कमी लेखते. दुसऱ्या बाजूनं ती त्याच्या कानावर किती ओझं पडतंय याचा विचारच करत नाही. पुस्तकात मूल मागचं पान उलटू शकतं, चित्रावर बोट ठेवून थांबू शकतं. कानावर पडलेलं वाक्य निघून जातं.

‘ऑडिओ लहानांसाठी थंड’: हा निष्कर्ष कुठून आला?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संशोधन अधूनमधून फिरतं. लहान मुलांसाठी ॲनिमेशन ‘फार गरम’, नुसता ऑडिओ ‘फार थंड’, चित्रांचं पुस्तक ‘बरोब्बर’. मूळ अभ्यास २०१८ चा, सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या जॉन हटन आणि सहकाऱ्यांचा. तीन ते पाच वर्षांच्या २७ मुलांना एमआरआय स्कॅनरमध्ये ठेवून तीन रूपांत गोष्टी दिल्या आणि मेंदूतली वेगवेगळी जाळी एकमेकांशी किती जोडून काम करतात ते मोजलं.

अभ्यास चांगला आहे, पण तो वाचताना चार प्रश्न विचारा. पहिला, मुलं किती? २७, सगळी एकाच अमेरिकी शहरातली आणि इंग्रजी ऐकणारी. दुसरा, मोजलं काय? जाळ्यांची जोडणी, गोष्टीतला आनंद नाही आणि महिनाभरानंतर काय लक्षात राहिलं तेही नाही. तिसरा, ऐकलं कुठं? स्कॅनरमध्ये. ज्यांनी एमआरआय काढलाय त्यांना ते यंत्र किती ठकठक करतं हे माहीत आहे. ऑडिओ थंड की गरम हे ठरवायची जागा म्हणून ते जरा अवघडच. चौथा, शेजारी कोण होतं? कुणाची मांडी नव्हती, मध्येच ‘मग काय झालं असेल सांग’ म्हणणारं कुणी नव्हतं.

हा चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला आधार दुसऱ्या अभ्यासाचा आहे. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली. १२ बैठकांत काही बाळांशी माणसं समोर बसून बोलली, खेळली. काहींना तेच व्हिडिओवर मिळालं, काहींना नुसता आवाज. माणसाकडून ऐकणारी बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. व्हिडिओ आणि ऑडिओवाली शिकली नाहीत. इथंही मर्यादा सांगते: हे ध्वनी ओळखण्याबद्दल आहे, गोष्टीबद्दल नाही. तरी दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी ‘कोणती ऑडिओ गोष्ट’ हा प्रश्नच मागे पडतो. त्याला माणूस लागतो.

तीन-चार वर्षांच्या मुलांबाबत २०११ चा जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघा. नवे शब्द पेरलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं ते शब्द चांगले शिकली. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत तितक्याच वेळा ऐकणारी मुलं मागे राहिली. आपल्याकडे चिमणी-कावळ्याची गोष्ट का टिकली, याचं उत्तर यात आहे. कावळा दार वाजवतो, चिमणी एक काम सांगून थांबवते, पुन्हा दार, पुन्हा काम. त्या गोष्टीच्या पोटातच पुनरावृत्ती आहे, आणि पोरगी वर म्हणते, ‘परत सांग.’ या वयाला दहा फायलींपेक्षा दोनच द्याव्यात.

सहा-सातच्या पुढं मात्र चित्र नसणं हीच जमेची बाजू होऊ लागते. १९८० च्या दशकात पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड आणि जेसिका बीगल्स-रूस यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना एकच गोष्ट रेडिओवरून आणि टीव्हीवरून देऊन तुलना केली. टीव्हीवर बघितलेलं जास्त आठवत होतं. पण अर्धवट सोडलेली गोष्ट पुरी करायला सांगितल्यावर रेडिओवाल्या मुलांनी स्वतःच्या नव्या कल्पना जास्त घातल्या. म्हणजे ‘कोणतं माध्यम चांगलं’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आठवण मोजता की कल्पना, यावर बदलतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. व्हायव्हात कामाला येईल.

पाऊस, वाजंत्री आणि लहान कान

आता माझ्या विषयातलं. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता जन्मतः पूर्ण नसते. ती किशोरवयापर्यंत वाढत राहते, म्हणून तेवढंच समजायला लहान मुलाला मोठ्यापेक्षा जास्त स्वच्छ आवाज लागतो. वर्गात शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलनं वर असावा, असं म्हणतात ते यामुळेच. १५ डेसिबल म्हणजे तीव्रता साधारण तीसपट.

आणि आपण काय करतो? मी ऐकलेल्या गोष्टींत जितकं वय लहान, तितकी वाजंत्री जास्त. आकर्षक वाटावं म्हणून. ज्या कानाला वेगळं काढणं सर्वांत अवघड, त्याच्याच ताटात सर्वांत जास्त मिसळ. त्यात मोबाईलचा एवढासा स्पीकर, आणि आमच्या घराशेजारी खव्याची भट्टी. भूमचा खवा प्रसिद्ध आहे, पण कढईतलं यंत्र फिरायला लागलं की ओटीवर बसलेल्या मोठ्या माणसालाही दोनदा विचारावं लागतं. फडावरची कोपी काही याहून शांत नसणार.

म्हणून ऑडिओ गोष्टीची समीक्षा करताना माझी पहिली कसोटी कथानकाची नाही. बोलणं चालू असताना मागं काय वाजतंय? किती आवाज आहेत, आणि कोण बोलतंय ते नाव घेऊन सांगितलंय का? काळ सरळ जातो की मागंपुढं उड्या मारतो? गोष्टीत गोष्ट आहे का? ‘पंचतंत्रा’त एक प्राणी दुसऱ्याला गोष्ट सांगतो, त्या गोष्टीतला तिसऱ्याला. डोळ्याला हे परिच्छेदामुळे कळतं. पाच वर्षांच्या कानाला कोल्हा कुठल्या गोष्टीतला, तेच कळत नाही. गोष्ट लहानांची, पण बांधणी मोठ्या कानाची.

एकाच पुस्तकात तीन वयं

याउलट ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिलं. पुस्तकाची प्रकरणं म्हणजे ४२ रात्री. श्याम रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे छापण्याआधीच हे पुस्तक ऐकण्याच्या घाटात ओतलेलं आहे. आवाज एक, प्रसंग एक, आणि जवळपास प्रत्येक रात्र आपापल्या ठिकाणी पुरी.

त्यावर कोणती पाटी लावाल? ‘थोर अश्रू’मध्ये अंघोळ झालेल्या श्यामला तळवे मळू द्यायचे नाहीत, म्हणून आई लुगड्याचे ओचे पसरते. हा प्रसंग माझ्या आईनं आमच्या बोलीत सांगितला तेव्हा चार वर्षांच्या भाचीला पुरता कळला. तिनं लगेच आज्जीचा पदर खाली ओढला. ‘श्यामचे पोहणे’मध्ये आई मारते आणि नंतर वळ बघून तिचेच डोळे भरतात. ते नऊच्या भाच्याला लागलं, पण त्यानं मध्येच थांबवून विचारलं, ‘‘मग मारलंच कशाला?’’ उत्तर द्यायला तिथं कुणीतरी हवं. कर्जाच्या आणि अपमानाच्या रात्री तेरा-चौदाच्या पुढच्यांसाठी. सुभाषितं आणि कोकणातलं जग भूमच्या मुलाला परकं, तिथं थांबून सांगावं लागतं. पुस्तक एक, वय ठरतं ते रात्रीवर, सांगणाऱ्यावर आणि शेजारी कोण आहे त्यावर.

वहिनीनं शेवटी काय केलं

तिनं माझ्या सगळ्या पेपरांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ताई, पर मोबाईल एकच असतोय. आई-बाप फडात. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळत ऐकणार. तुमचे वयोगट कुठं राहिले?’’

खरं होतं. नऊची बहीण, पाचचा भाऊ, दीड वर्षाचं बाळ आणि एक स्पीकर. मग आम्ही बाळासाठी फाईल ठेवलीच नाही. थोरलीला दोन बडबडगीतं तोंडपाठ करून दिली. पाचच्यासाठी चिमणी-कावळा आणि अजून एक गोष्ट, दोन्ही वहिनीनं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत, मागं काही न वाजवता मुद्रित केल्या. मध्ये मध्ये ती थांबते आणि विचारते, ‘सांग बरं, आता कोण आलं?’ थोरलीसाठी ‘श्यामची आई’तल्या निवडक रात्री.

परत आल्यावर लेकरांना त्या गोष्टी पाठ होत्या, असं वहिनी सांगते. मी हे पुरावा म्हणून देत नाही. बघा, आम्ही किती चल एकदम बदलले: ओळखीचा आवाज, घरची बोली, स्वच्छ ध्वनी आणि मध्ये विचारलेले प्रश्न. यातलं काम कशानं केलं, हे या चार-सहा घरांवरून सांगताच येणार नाही. पण बोली आणि पार्श्वध्वनी हे दोनच चल घेतले, प्रमाण मराठी विरुद्ध घरची बोली, वाजंत्रीसह विरुद्ध वाजंत्रीशिवाय, तर चार गटांचा स्वच्छ प्रयोग उभा राहतो. निवेदिका एकच ठेवायची, गोष्ट तीच ठेवायची. यंत्र लागत नाही, अनुदान फारसं लागत नाही. पालकांची संमती आणि तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता मात्र लागते.

विषय शोधत असाल तर हा घ्या. वहिनीचा पट जूनमध्ये पुन्हा भरतो.