कबुली, मान्यता आणि स्वीकार : ग्रेग लुगेनिस यांच्या आत्मकथनाचा एक विचार

गतवर्षी आमच्या विभागातील एका चर्चासत्रात आत्मचरित्राच्या भाषेसंबंधी निबंध वाचताना एका विद्यार्थ्याने पुढील आशयाचे वाक्य वाचले : अमेरिकन जलक्रीडापटू ग्रेग लुगेनिस याने आपल्या आत्मकथनात समलिंगी असल्याची कबुली दिली आहे. निबंध संपल्यावर मागील बाकावरून एक प्रश्न आला, "कबुली दिली म्हणता, तर मग गुन्हा कोणता?" वर्गात थोडा हशा झाला आणि चर्चा पुढे गेली. परंतु प्रश्न मागेच राहिला. शब्दाची निवड ही निबंधकाराची चूक नव्हती; मराठीत अशा प्रसंगी जो शब्द सहज ओठांवर येतो, तोच त्याने वापरला होता. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या आधारे लुगेनिस यांच्या 'ब्रेकिंग द सर्फेस' या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे परीक्षण करावयाचे योजिले आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे इष्ट होईल. 'कबूल' हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ स्वीकार, संमती असाच आहे. मराठीत मात्र 'कबूल करणे' याला संमतीबरोबर अपराध पदरी घेण्याचाही अर्थ प्राप्त झाला, आणि 'कबुली' या नामात तर हा दुसरा अर्थच प्रबळ झाला. कबुली खालून वर दिली जाते. ती ऐकणारा न्यायासनावर असतो. याउलट 'मान्यता' वरून खाली येते. ती संस्था देते, मंडळ देते, आणि जे दिले ते काढूनही घेता येते. 'स्वीकार' हा शब्द या दोहोंहून वेगळा आहे. संस्कृत व्याकरणाप्रमाणे हे च्वि-प्रत्ययाचे रूप आहे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, हा या प्रत्ययाचा अर्थ. जे स्व नव्हते ते स्व करणे म्हणजे स्वीकार. येथे बदल घडतो तो स्वीकारणाऱ्याच्या ठायी, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्याच घडणीचा 'अंगीकार' हा शब्द तर अंगाचाच भाग करून घेण्याची भाषा बोलतो. क्रीडाक्षेत्रातील समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नाची चर्चा करताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. परंतु लुगेनिस यांच्या पुस्तकाचे गुण आणि दोष या शब्दांतील अंतरावरच अवलंबून आहेत, असे आमचे मत आहे.

चरित्राची रूपरेषा थोडक्यात अशी. लुगेनिस यांचा जन्म १९६० चा. जन्मानंतर काही महिन्यांतच त्यांना कॅलिफोर्नियातील एका दांपत्याने दत्तक घेतले. जन्मदात्या पित्याकडून त्यांचे रक्त सामोआ बेटांतील. त्यामुळे वर्ण सावळा. लहानपणी बोलताना अडखळणे, वाचताना अक्षरांची ओळख न पटणे आणि नृत्याची आवड या तिन्ही गोष्टींमुळे शाळेत त्यांच्या वाट्याला कुचेष्टा आली. वाचनातील अडचण हा बुद्धीचा दोष नसून तिला शास्त्रीय नाव आहे, हे त्यांना महाविद्यालयात गेल्यावर समजले. १९७६ साली माँट्रिऑल येथे सोळाव्या वर्षी रौप्यपदक, १९८० च्या मॉस्को स्पर्धांवर अमेरिकेचा बहिष्कार, १९८४ साली लॉस एंजेलिस येथे लवचीक फळी आणि दहा मीटर उंचीचा मंच या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके, आणि १९८८ साली सोल येथे पुन्हा तीच दोन सुवर्णपदके : असा हा असामान्य क्रीडाप्रवास आहे.

हे पुस्तक लुगेनिस यांनी एरिक मार्कस यांच्या साहाय्याने लिहिले. मार्कस हे मौखिक इतिहासाचे अभ्यासक. अमेरिकेतील समलिंगी हक्कांच्या चळवळीचा मुलाखतींवर आधारलेला इतिहास त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्या मुलाला बोलण्याने आणि वाचनाने दगा दिला, त्याच्या जीवनकथेला अखेर बोलण्यातूनच ग्रंथरूप मिळाले. या योगायोगाचे महत्त्व भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. पुस्तकाची वाक्ये लहान, सरळ आणि अलंकारहीन आहेत. अशा सहलेखनात मूळ वक्त्याचे अडखळणे नाहीसे होते, ही हानी आहेच. अडखळण्याविषयी सांगणारे वाक्य स्वतः मात्र कोठेही अडखळत नाही. तथापि या साधेपणामुळेच काही प्रकरणांना विलक्षण बळ आले आहे, हेही तितकेच खरे.

ते बळ सर्वाधिक जाणवते ते क्रीडेविषयीच्या लेखनात. सूर मारण्याची क्रीडा ही धावण्यासारखी नाही. धावपटूचा निर्णय घड्याळ करते, टेनिसपटूचा चेंडू करतो. येथे मात्र परीक्षकांच्या मतावाचून विजयच नाही. शिवाय गुणदानाची रीत अशी की, उडीचा आरंभ, हवेतील आकृती आणि पाण्यातील प्रवेश यांनाच गुण असतात. संपूर्ण शरीर पाण्याखाली गेले की परीक्षा संपली. वर येण्याला गुण नाहीत. पाणी जितके कमी उसळेल तितका प्रवेश उत्तम. म्हणजे आपल्या येण्याची खूण मागे न ठेवणे हेच या कलेचे परमोच्च साध्य. पुस्तकाचे शीर्षक या संदर्भात वाचले पाहिजे. पृष्ठभाग दोनदा भंगतो : एकदा खाली जाताना, एकदा वर येताना. पहिल्या भंगाला जगाने चार सुवर्णपदके दिली. दुसऱ्या भंगाची ही कथा आहे, आणि तिला परीक्षक असू नयेत, अशी तिची मागणी असावयास हवी होती.

परंतु तशी ती सातत्याने राहत नाही. येथूनच पुस्तकाचा दोष सुरू होतो, आणि तो सोलच्या प्रसंगात स्पष्ट होतो. सप्टेंबर १९८८ मधील प्राथमिक फेरीत उलट उडी घेताना लुगेनिस यांचे डोके फळीवर आपटले, जखम होऊन रक्त आले. संघाच्या वैद्यांनी हातमोजे न घालता घाईने टाके घातले; थोड्याच वेळाने ते पुन्हा फळीवर चढले आणि पुढे स्पर्धा जिंकले. त्यापूर्वी सुमारे सहा महिने आधी आपल्या शरीरात एड्सला कारण होणारा विषाणू आहे, हे त्यांना कळले होते. ही गोष्ट प्रशिक्षकांसारख्या मोजक्यांनाच ठाऊक होती. टाके घालणाऱ्या वैद्यांना ती माहीत नव्हती. १९९५ साली हे प्रकाशात आल्यावर तलावातील इतर स्पर्धकांविषयी शंका घेतल्या गेल्या. एवढ्या पाण्यात आणि क्लोरीनमुळे संसर्गाचा धोका नव्हता, असे तज्ज्ञांनी स्पष्ट केले. वैद्यांच्या तपासणीतही संसर्ग आढळला नाही.

आता प्रश्न असा की, या पुस्तकात दोन गुपिते आहेत आणि ती एकाच स्वरात सांगितली गेली आहेत. त्यांचे स्वरूप मात्र अगदी भिन्न आहे. आजाराच्या गुपितावर निदान एका व्यक्तीचा न्याय्य हक्क होता. ज्या वैद्याच्या उघड्या हातांना रक्त लागले, त्याला ते कळावयास हवे होते. त्याच्यापुढे 'कबुली' हा शब्द योग्य आहे, आणि लुगेनिस यांची त्याविषयीची खंत प्रामाणिक वाटते. पण आपले प्रेम कोणावर आहे, या गुपितावर कोणाचा हक्क होता? परीक्षकांचा नव्हता, प्रेक्षकांचा नव्हता, वृत्तपत्रांचा तर मुळीच नव्हता. तेथे देणे कोणाचेच नसल्यामुळे फेडण्याचाही प्रश्न नाही. निवेदक हा भेद पाळीत नाही. तो दोन्ही ठिकाणी वाचकाला परीक्षकाच्या आसनावर बसवतो आणि गुणांची वाट पाहतो. परिणामी सहानुभूतीने वाचणाराही नकळत क्षमा करू लागतो. जेथे अपराध नाही तेथे क्षमा करणे हा सूक्ष्म अपमान होय.

हा दोष केवळ व्यक्तीचा म्हणता येणार नाही. तो त्या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासातच आहे. अमेरिकन फुटबॉलमधील निवृत्त खेळाडू डेव्हिड कोपे यांनी १९७५ साली एका वृत्तपत्रातून आपले समलिंगी असणे जाहीर केले आणि १९७७ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ती घोषणा स्वेच्छेची होती. परंतु १९८१ साली टेनिसपटू बिली जीन किंग यांचे संबंध एका माजी सहचरीने केलेल्या दाव्यामुळे उघड झाले, आणि जाहिरातींचे करार त्यांच्या हातून गेले. त्याच वर्षी मार्टिना नवरातिलोव्हा यांच्याविषयीही वृत्तपत्राने त्यांच्या मनाविरुद्ध मजकूर छापला. एकीकडे न्यायालय, दुसरीकडे वार्ताहर : बोलावयास लावणारे असे असले की बोलण्याला जबानीचे रूप येणारच. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखविले की, काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती कृती करतात. आणि ती कृती सफल होणे हे परिस्थितीवर व श्रोत्याच्या ग्रहणावर अवलंबून असते. 'मी समलिंगी आहे' या वाक्याचे व्याकरण सर्वत्र एकच आहे. मित्रापुढे ते विश्वास होते, सभेत ती घोषणा होते, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तीच कबुली होते. लुगेनिस यांच्या वाक्याला पिंजऱ्याची सावली लागली आहे, ती या पूर्वेतिहासामुळे.

सुदैवाने पुस्तकामागे दुसराही एक इतिहास आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दशविध शर्यतीत सहावे आलेले टॉम वॅडेल यांनी १९८२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे समलिंगी खेळाडूंच्या स्पर्धा भरविल्या. त्या स्पर्धांच्या नावात 'ऑलिंपिक' हा शब्द असावा, अशी त्यांची इच्छा होती. अमेरिकन ऑलिंपिक समितीने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आणि जून १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी समितीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच महिन्यात वॅडेल यांचे निधन झाले. मान्यता नाकारणे म्हणजे काय, याचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण. येथे एक शब्दच नाकारला गेला. पुढे १९९४ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या याच स्पर्धांच्या निमित्ताने लुगेनिस यांनी आपले समलिंगी असणे जाहीरपणे सांगितले. ज्या स्पर्धांना तो शब्द मिळाला नाही, तेथे चार ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी बोलला. तेथे श्रोते परीक्षक नव्हते, सहभागी होते. एकच माणूस, जवळजवळ तेच शब्द. परंतु पुस्तकातील विनवणीचा सूर तेथे अनावश्यक होतो. आमच्या मते पुस्तकाचा खरा मध्यबिंदू सोलचा तलाव नसून हा प्रसंग आहे.

मान्यताही कालांतराने आली. २०१६ साली एका अमेरिकन न्याहारीच्या धान्याच्या वेष्टनावर लुगेनिस यांचे चित्र झळकले. श्रेष्ठ खेळाडूंना मिळणारा हा मान त्यांना पदकांनंतर अठ्ठावीस वर्षांनी, तोही लोकांनी अर्ज केल्यावर मिळाला. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण कोपे काय किंवा लुगेनिस काय, दोघेही बोलले ते खेळ संपल्यावर. अमेरिकेच्या चार प्रमुख व्यावसायिक संघक्रीडांत खेळत असताना असे बोलणारा पहिला खेळाडू, बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्स, २०१३ साल उजाडल्यावर पुढे आला. निवृत्ताला मान देणे म्हणजे आठवणीला मान देणे. खेळणाऱ्याला आपल्या संघात, आपल्या विश्रांतिगृहात, आपल्या शेजारी जागा देणे हा स्वीकार होय. पहिल्यासाठी समाजाला काहीच बदलावे लागत नाही, दुसऱ्यासाठी स्वतःला बदलावे लागते. च्वि-प्रत्ययाने सांगितलेले हेच.

आपल्या देशातील एका उदाहरणाने ही चर्चा आपल्या भाषेपर्यंत आणून पोहोचविता येईल. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ साली शरीरातील संप्रेरकांच्या प्रमाणावरून स्पर्धांतून दूर ठेवण्यात आले. २०१५ साली क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केल्यावर ती परतली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत तिने दोन रौप्यपदके मिळविली. हा वाद मान्यतेचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. मे २०१९ मध्ये द्युतीने आपले एका तरुणीवर प्रेम असल्याचे जाहीर केले, तेव्हा ती खेळत होती आणि घरातून विरोध होता. शरीराच्या मोजमापाचा पहिला वाद आणि प्रेमाविषयीचे हे निवेदन यांचा एकमेकांशी संबंध नाही; तरी लोकचर्चेत ते मिसळले जाण्याचा धोका होता. लुगेनिस यांच्या दोन गुपितांचे झाले ते हेच.

कायद्याने २०१८ साली गुन्हा उरला नाही. भाषेत मात्र तो 'कबुली' या शब्दाच्या आश्रयाने राहिला आहे. कोशातून शब्द काढून टाकावा असे सुचवावयाचे नाही. वैद्यापुढे गप्प राहिल्याबद्दल लुगेनिस यांनी जे लिहिले, त्यासाठी तो शब्द हवाच. उरलेल्यासाठी मराठीत 'सांगितले' हे साधे क्रियापद आहे; त्यात न्यायासन नाही आणि पिंजराही नाही. 'ब्रेकिंग द सर्फेस' हे सदोष पण महत्त्वाचे पुस्तक आहे, कारण ते हा भेद स्वतः न पाळताही वाचकाला तो पाळावयास शिकविते. मागील बाकावरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर, आमच्यापुरते, एवढेच आहे : गुन्हा कोणताही नव्हता, शब्द आमचा चुकला होता.