रात्री दोनची ती एक ओळ: लॅबमधल्या 'ऑटोमॅटिक बॅकअप'ची चिकित्सा

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच सीनियर तुम्हाला एक ओळ देतात. रोज रात्री दोन वाजता क्रॉन आरसिंक चालवतो, तुमचं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा सर्व्हरवर कॉपी होतं. 'एकदा टाकून ठेव, परत बघायला नको' असंही सांगितलं जातं. पेपर वाचताना आपण पद्धतीवर प्रश्न विचारतो, तसेच प्रश्न आज या ओळीला विचारू. कारण तुमच्या प्रबंधातला सगळा कच्चा डेटा तिच्याच भरवशावर असतो.

आधी श्रेय द्यायला हवं. आरसिंक हे अत्यंत चांगलं साधन आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं, आणि त्यामागचा अल्गोरिदम ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएचडी प्रबंधाचा भाग आहे. फाइलचे तुकडे पाडायचे, कुठले तुकडे बदललेत ते ओळखायचं आणि तेवढेच नेटवर्कवरून पाठवायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. म्हणजे आपण रोज वापरतो ते साधन कुणाच्या तरी प्रबंधातून आलंय. माझा आक्षेप साधनावर नाही. आक्षेप आहे 'तक्रार आली नाही म्हणजे काम झालं' या गृहीतकावर. ती ओळ पूर्णपणे या गृहीतकावर उभी आहे.

पहिला मुद्दा: हाताने चालतं, रात्री चालत नाही. ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. टर्मिनलमध्ये कमांड दिली की सगळं नीट होतं, क्रॉनमध्ये टाकली की काहीच होत नाही. कारण सोपं आहे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल तुमच्या सेटिंगच्या फायली वाचतो. क्रॉन त्या वाचत नाही. तो अगदी मोजक्या गोष्टी घेऊन निघतो, आणि प्रोग्राम शोधायच्या जागाही त्याला एखाद-दोनच माहीत असतात. तुम्ही स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बसवलेला प्रोग्राम त्याला सापडत नाही. सर्व्हरवर जायची एसएसएच की पासफ्रेजने बंद असेल, तर दिवसा ती एजंटने उघडून दिलेली असते. रात्री क्रॉनला तो एजंट दिसतच नाही. आणखी एक खोडी म्हणजे क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की तो तिथे नवी ओळ सुरू झाली असं समजतो. लॉग फाइलच्या नावात तारीख घालायला गेलात की नेमकं हेच चिन्ह लागतं. मग कमांड अर्ध्यातच तुटते.

यावर अंदाज बांधत बसू नका. क्रॉनमधूनच त्याचं एन्व्हायर्नमेंट एका फाइलमध्ये छापून घ्या, तुमच्या टर्मिनलचं दुसऱ्या फाइलमध्ये घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. फरक तिथेच दिसतो. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फोल्डरचा आणि प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा.

वेळेचंही बघा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल, तर त्याचे 'रात्री दोन' म्हणजे आपले सकाळचे साडेसात. त्या वेळी कुणीतरी उपकरणावर रन लावून बसलेलं असू शकतं. आणि रात्री लॅबला कुलूप लावताना पीसी बंद होत असेल, तर साधा क्रॉन चुकलेलं काम सकाळी भरून काढत नाही. त्यासाठी अॅनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर वापरावा लागतो.

दुसरा मुद्दा: शांततेचा अर्थ. त्या ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा सगळं आउटपुट, एररसकट, डेव्ह-नलमध्ये ढकललेलं असतं. का, तर क्रॉनच्या मेलचा त्रास नको. तसं ढकललं नाही तरी ज्या पीसीवर मेल पाठवायची सोयच बसवलेली नाही तिथे ते आउटपुट कुणापर्यंत पोचत नाही. प्रयोगात डिटेक्टर बंद ठेवायचा आणि 'सिग्नल शून्य' असं नोंदवायचं, त्यातलाच हा प्रकार.

आरसिंक मात्र काम संपताना एक आकडा सांगून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक. २३ म्हणजे काही गोष्टी चूक होऊन राहिल्या, उदाहरणार्थ वाचायची परवानगी नव्हती. २४ म्हणजे यादी केली तेव्हा असलेल्या काही फायली कॉपी करेपर्यंत गायब झाल्या. तात्पुरत्या फायलींच्या बाबतीत हे चालून जातं, कच्च्या डेटाच्या बाबतीत नाही. हा आकडा लॉगमध्ये तारखेसकट लिहायलाच हवा. आउटपुट पाइपमधून 'टी'ला दिलं असेल, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तुम्हाला 'टी'चा आकडा मिळतो, आरसिंकचा नाही. बॅशमधला पाइपफेल पर्याय चालू केला की हे टळतं.

तिसरा मुद्दा: 'सारखी फाइल' म्हणजे काय? मूळ सेटिंगमध्ये आरसिंक फाइलच्या आत डोकावत नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली की 'सारखी आहे' असं मानून पुढे जातो. हे वेगासाठी केलंय आणि बहुतेक वेळा पुरतं. पण हा एक प्रॉक्सी आहे, मोजमाप नव्हे. एखादं सॉफ्टवेअर फाइल बदलून जुनी वेळ तशीच ठेवत असेल आणि आकारही तोच राहत असेल, तर तो बदल पलीकडे जाणारच नाही. उलट बाजूने, फॅट फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदली जाते. त्यामुळे न बदललेल्या फायलीही बदलल्यासारख्या दिसतात आणि रोज सगळं नव्याने कॉपी होतं. त्याला मॉडिफाय-विंडो हा पर्याय आहे. महिन्यातून एकदा चेकसम आणि ड्राय-रन हे दोन्ही पर्याय लावून बघा. प्रत्यक्ष काही न बदलता कुठल्या फायली आतून वेगळ्या आहेत ते कळतं. वेळ लागतो, पण रोज करायचं नाहीये.

चौथा मुद्दा सगळ्यात गंभीर: डिलीट. दोन्हीकडे हुबेहूब सारखं दिसावं म्हणून अनेक जण हा पर्याय लावतात. त्याचा अर्थ असा की मूळ जागी जे नाही ते दुसरीकडूनही पुसलं जाईल. आता कल्पना करा, बाहेरची डेटा डिस्क त्या रात्री माउंटच झालेली नाही. तिच्या जागी एक रिकामं फोल्डर उरतं. मूळ फोल्डर वाचताना खरी इनपुट-आउटपुट एरर आली तर आरसिंक स्वतःहून पुसणं थांबवतो, एवढी काळजी त्याच्या कर्त्यांनी घेतलीय. पण रिकामं फोल्डर ही एरर नाही. आज्ञाधारकपणे तो तुमचा बॅकअपही रिकामा करतो आणि वर शून्य आकडा देतो, म्हणजे काम यशस्वी!

म्हणून स्क्रिप्टमध्ये कॉपीच्या आधी डिस्क खरंच माउंट आहे का ते तपासा. मॅक्स-डिलीट लावून पुसण्यावर मर्यादा घाला. मूळ फोल्डरच्या नावाशेवटच्या स्लॅशकडेही बघा. स्लॅश असेल तर फोल्डरच्या आतलं जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. डिलीट लावलेलं असताना हा एका चिन्हाचा फरक महागात पडतो.

हे सगळं छोट्या लॅबचं रडगाणं वाटत असेल, तर क्योटो विद्यापीठाचं उदाहरण बघा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. फायली होत्या सुमारे ३.४ कोटी. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधून परत आणता आला नाही. पुसणारी स्क्रिप्ट बॅकअपचीच होती. जुन्या लॉग फायली काढून टाकायचं काम तिच्याकडे होतं. ती चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती टाकली गेली. बॅश स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत जातो, त्यामुळे अर्ध्यातून नवी आवृत्ती वाचली गेली. फोल्डरचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल रिकामे होते आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली गेल्या. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने जबाबदारी मान्य केली.

इथे माणसं अननुभवी नव्हती आणि यंत्रही स्वस्तातलं नव्हतं. रिकाम्या व्हेरिएबलला स्क्रिप्टने 'थांब' म्हटलं नाही, एवढंच. तुमच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरच्या व्हेरिएबलपुढे स्लॅश असेल आणि व्हेरिएबल रिकामं राहिलं, तर उरतो फक्त स्लॅश, म्हणजे अख्खी डिस्क. शेलला नाउनसेट सांगून ठेवलं, तर अजिबात न दिलेलं व्हेरिएबल दिसताच तो थांबतो. आणि चालू स्क्रिप्टवर कधीही थेट लिहू नका. नवी फाइल तयार करून मग नाव बदला.

मग काय करायचं? आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, उत्तर आपल्याच वहीत आहे: कंट्रोल. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून रोज कॉपीच्या आधी मूळ फोल्डरमध्ये आजची तारीख लिहिलेली छोटी फाइल टाका आणि सकाळी ती बॅकअपमध्ये आली का बघा. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून एकदा मुद्दाम चुकीचा पत्ता द्या आणि तुम्हाला इशारा येतो का ते तपासा. इशारा आला नाही, तर गेल्या कित्येक महिन्यांच्या शांततेला काहीच अर्थ नव्हता. तिसरी गोष्ट, महिन्यातून एक फाइल बॅकअपमधून परत आणून उघडा. परत आणता येत नाही तो बॅकअप नव्हेच.

आणि सिंक म्हणजे बॅकअप, हा गैरसमज सोडा. सिंक तुमची चूकही इमानदारीने पलीकडे पोचवतं. सोमवारी खराब झालेली फाइल मंगळवारी दोन्हीकडे खराब असते. लिंक-डेस्ट हा पर्याय वापरून तारखेनुसार वेगळी फोल्डरं ठेवता येतात. न बदललेल्या फायली हार्ड लिंकने जोडल्या जातात, त्यामुळे जागाही फार लागत नाही.

'हे आयटीवाल्यांचं काम आहे' असं कुणी म्हणेल. सर्व्हर सांभाळणं त्यांचं काम आहे, बरोबर. पण तुमच्या कुठल्या फोल्डरमध्ये काय महत्त्वाचं आहे, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. व्हायव्हाला कच्चा डेटा दाखवायची वेळ आली की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

नव्या लॅबमध्ये रुजू व्हाल तेव्हा 'बॅकअप आहे का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. 'बॅकअपमधून शेवटची फाइल कुणी आणि कधी परत आणली?' असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर पहिल्या आठवड्याचं काम तुम्हाला सापडलं.