कबुली भूतकाळाची आणि वर्तमानाची

प्रार्थनासभेत जी साक्ष दिली जाते तिचा साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आरंभी अंधार, मध्ये प्रभूची हाक, शेवटी प्रकाश. साक्ष देणारा ‘मी असा होतो’ हे भरभरून सांगतो. ‘मी असा आहे’ हे सांगण्याची वेळ आली की त्याचे शब्द आटतात. धर्मसेवकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. दुसऱ्यांस पश्चात्तापाची वाट दाखविणे हे ज्यांचे नित्याचे काम, त्यांना स्वतःच्या पश्चात्तापाचा विषय पुष्कळदा जुन्या दिवसांतूनच शोधावा लागतो. आत्मपरीक्षणाचे दोन ग्रंथ या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्हांस वाटते. पहिला संत ऑगस्टिनचा ‘कन्फेशन्स’ आणि दुसरा लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’.

ऑगस्टिनच्या ग्रंथाचे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले आहे त्याला दोन अर्थ आहेत: पापाची कबुली आणि देवाचे स्तवन. मराठीत या दोहोंना मिळून एक शब्द नाही, म्हणून आपण बहुधा पहिलाच अर्थ धरतो आणि तेरा भागांच्या या ग्रंथातील नासपतीच्या चोरीची व तारुण्यातील वासनांची हकिकत तेवढी लक्षात ठेवतो. वस्तुतः ग्रंथाचा कणा दहाव्या भागात आहे. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला. ग्रंथ लिहावयास घेतला तो त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, हिप्पोचा बिशप झाल्यावर. नऊ भागांत गतायुष्य सांगून झाल्यावर लेखणी खाली ठेवण्यास तो मोकळा होता. तसे न करता तो विचारतो: मी पूर्वी काय होतो हे झाले; आज, हे लिहीत असताना, मी कोण आहे?

या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर कोणाही पाळकाने एकान्तात वाचावे असे आहे. जेवताना भूक कोठे संपते आणि चव कोठे सुरू होते, हे आपणांस नेमके कळत नाही, असे तो म्हणतो. मंदिरात गीत ऐकताना अर्थापेक्षा सुरानेच मन हलले, तर तो स्वतःला दोषी ठरवितो. सशामागे धावणारा कुत्रा किंवा माशी पकडणारी पाल दिसली की चिंतन सुटते, हेही तो लपवीत नाही. सर्वांत मर्मभेदक भाग स्तुतीविषयीचा आहे. लोकांनी वाखाणलेले आपणांस आवडते, हे तो मान्य करतोच. पण ‘मला स्तुतीची पर्वा नाही’ या भावनेचाही गर्व होतो, हे त्याने टिपले आहे. एका बिशपाने हे आपल्याच लोकांपुढे लिहून ठेवावे, यास धैर्य लागते.

तरीही टीकाकाराचे कर्तव्य येथे संपत नाही. ज्या स्त्रीबरोबर ऑगस्टिनने अनेक वर्षे संसार केला, जी त्याच्या मुलाची आई, तिचे नाव या ग्रंथात नाही. प्रतिष्ठित घरातील मुलीशी विवाह ठरल्यावर तिला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. मुलगा बापाजवळ राहिला. त्या ताटातुटीने आपले काळीज रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टिन लिहितो. तिने पुन्हा कोणा पुरुषाशी संबंध न ठेवण्याचे व्रत घेतले, एवढे एक वाक्य तिच्या वाट्याला येते. नाव न घेण्याचा दोष आम्ही फार ताणू इच्छीत नाही. आपल्या आईचे, मोनिकाचे, नावही त्याने एकदाच घेतले आहे. आक्षेप निराळा आहे. जिभेच्या व कानाच्या सुखाचा हिशेब घेणाऱ्या दहाव्या भागात, आपल्यामुळे दुसऱ्या जिवाचे काय झाले हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नाही. स्वतःची जखम त्याला दिसली; तिची दिसली नाही. अंतःकरणात खोल उतरणारा मनुष्यही शेजाऱ्याच्या दाराशी अडखळू शकतो.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट वेगळी. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंचा हा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला. त्यात आत्मचिंतनाची भाषा जवळजवळ नाही. आहेत ती माणसे, घरे, भांडणे, आजार आणि हसू. वडिलांच्या सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरच्यांना झालेला जाच त्या आरंभीच सांगतात. पुढे १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पतिपत्नींची ताटातूट झाली आणि पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. ज्या सोवळ्याने बालपण पोळले तेच आता आपल्या हातांत आहे, असे त्या कोठेही सूत्ररूपाने मांडीत नाहीत. वाचकासच ते दिसत जाते. जातिभेद मनुष्याने केला, देवाने नव्हे, हे त्यांस पटले ते स्वतःच्या विचाराने आणि बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा झाला १९०० साली. म्हणजे त्यांचे परिवर्तन प्रथम ताटात आणि पाण्याच्या भांड्यात दिसले, विधीत नंतर.

याही ग्रंथास मर्यादा आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद कधी कधी दुःखावर पांघरूण घालतो. जेथे त्यांनी थांबावे असे वाटते तेथून त्या हसत पुढे जातात. आतल्या काळोखाचा जो शोध ऑगस्टिन घेतो तो येथे मिळणार नाही. पण ऑगस्टिनकडे जे नाही ते येथे आहे: आपण दुसऱ्यांशी कसे वागलो, या कसोटीवर स्वतःला घासून पाहणे.

ही कसोटी शास्त्रातलीच आहे. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे, ही पौलाची आज्ञा आपण वारंवार ऐकवितो. ती कोणत्या प्रसंगी दिली गेली हे मात्र क्वचितच सांगतो. करिंथ येथील मंडळीत काही जण पोटभर खाऊनपिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचा रोख प्रथम त्या पंक्तिभेदावर होता. मग आपण कोणते परीक्षण करतो? मेजाभोवती एकत्र येणाऱ्या कुटुंबांत सोयरीक जुळविताना मूळची जात विचारली जाते की नाही? आणि ती विचारणाऱ्यांत धर्मसेवकांचे घर असते की नाही?

ऑगस्टिनकडून वर्तमानकाळ घ्यावा आणि लक्ष्मीबाईंकडून शेजारी घ्यावा, असे आमचे मत आहे. पुढील साक्षीच्या सभेत एखाद्या धर्मशिक्षकाने ‘मी असा होतो’ याऐवजी ‘या आठवड्यात मी अमक्याशी असा वागलो’ एवढे जरी सांगितले, तरी ती साक्ष ऐकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. हे लिहिताना, लेख चांगला झाला असे कोणी म्हणावे ही इच्छा आमच्याही मनात आहे. ती येथे नोंदवून ठेवतो.